दादाने दाखवलेली पिंपं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या अभियंता बाई, आणि माझ्या जमातीतल्या थोरामोठ्यांनो,

मला बोलायची सवय नाही. आमच्या घरात बोलायचा तो दादा, माझा थोरला भाऊ. महिन्यापूर्वी तो गेला, म्हणून मी उभा आहे.

आपल्या सामाईक जमिनीवर आज सौर पॅनल आहेत. तिथे नऊ वर्षं बाहेरचे ट्रक चोरून कचरा टाकत होते, हे इथे कुणाला सांगायला हवं? बाईंनी तो उपसला, उरलेल्यावर मातीचा थर दाबला. उत्तरेचा कोपरा मात्र नकाशावर स्वच्छ होता. तिथे पॅनलच्या खांबांसाठी खड्डे घ्यायचं ठरलं.

त्या सकाळी दादा वहिनीचा हात धरून आला आणि नेमका त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला.

मुकादम म्हणाला, "आजोबा, सावलीत बसा ना."

"सावली तुम्हीच आणताय ना? थांबतो की. पण इथे खांब नको. खाली पिंपं आहेत."

बाईंनी विचारलं, "दादा, नक्की इथेच?"

"लग्नाची तारीख विसरेन, ही जागा नाही."

"विसरता की दरवर्षी," वहिनी म्हणाली.

बाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्या ट्रकना फाटक मीच उघडत होतो."

भरावाची माती आहे, असं ट्रकवाल्यांनी त्याला सांगितलं होतं. पण पहिल्याच ट्रकला वास आला होता, हेही त्यानेच सांगितलं. मग गप्प का राहिला? मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

खणल्यावर रसायनांची एकवीस पिंपं निघाली. दोन गळत होती. तिथून पन्नास पावलांवर आपली विहीर आहे.

बाई, तुम्ही त्याची लाज राखलीत. अहवालात 'एका माहितगार ग्रामस्थाने जागा दाखवली' एवढंच लिहिलंत. आमचं घर ते विसरणार नाही. पण मी वहिनीशी बोलून आलोय. तुमच्यानंतर हे लिहिणारं कुणी उरणार नाही, तेव्हा जाण्याआधी तिथे त्याचं नाव घाला. ट्रक आत घेणारा तोच आणि पिंपं दाखवणाराही तोच, असं दोन्ही लिहा. कुणाला राग आला तर त्यांनी आमच्या दारी यावं. मी घरीच असतो.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी हे काढायला नको होतं, असं वाटलं असेल तर मला सांभाळून घ्या. हे बोलायचं त्याच्या मनात होतं. त्याला जमलं नाही.