चव न घेता

उज्जैनला माधव नगरच्या दवाखान्यात, आयसीयूबाहेर, माझ्या शेजारी एक आई आणि लेक बसल्या होत्या.

“आई, डॉक्टर विचारतायत, बाबांसारख्या हार्टच्या पेशंटच्या पोटात इतकं मीठ गेलं कसं?”

“काल हॅम केलं, ते डुकराचं मांस. लग्नापासून मागत होते, फौजेच्या मेसमधल्यासारखं. म्हटलं, आता एकदा तरी करून घालावं.”

“अगं, ते मिठातच मुरवलेलं असतं! उकळून पाणी फेकलंस ना?”

“नाही. उलट वरून दोन चमचे मीठ घातलं, वरणात घालते तसं.”

“चाखलं नाहीस?”

“मी? अपूर्वा, मी कधी अंडंसुद्धा तोंडात घातलेलं नाही.”

“आणि बाबा काहीच बोलले नाहीत?”

“बोलले ना. म्हणाले, ‘एकदम बढिया झालंय, सुलभा. अजून वाढ.’”