नाव नसलेले पत्र

वाळू बुधा पिंगळे, वय ६७ वर्षे, शिक्षण तिसरीपर्यंत, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी धोंडाबाई हिच्यासह राहतो. मुलगा भारत सिन्नरच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याचे बँकेत पगाराचे खाते उघडले. बँक त्याच्या ईमेलवर दर महिन्याला पत्र पाठवते. खात्याचा व ईमेलचा, असे दोन्ही पासवर्ड त्यानेच पासबुकाच्या कव्हरवर लिहून ठेवलेले आहेत. मी महिन्यातून एकदा पंचवटीतल्या सायबर कॅफेत ते पत्र उघडून घेतो. मला इंग्रजी येत नाही. वर भारतचे नाव असते, तेवढे ओळखतो.

दि. १४ डिसेंबर २००७ रोजी सकाळी अकराच्या सुमारास कॅफे चालवणाऱ्या मंजुषा यांनी नवीन पत्र वाचून दाखवले. चोवीस तासांत माहिती भरा, नाहीतर खाते बंद होईल, असे त्यात होते. वर बँकेचे चिन्ह होते. मंजुषा म्हणाल्या, "बाबा, हे खोटं वाटतंय. बँक कधी पासवर्ड मागते का? आणि दादाचं नावच नाही, नुसतं डियर कस्टमर."

नाव नव्हते म्हणूनच मला ते खरे वाटले. बँकेला कळले आणि त्यांनी नाव काढले, असे मला वाटले.

मंजुषा म्हणाल्या, "दादाला एकदा फोन करून विचारा ना." मी बाहेरच्या एक रुपयाच्या फोनवर गेलो. रिसीव्हर कानाला धरून थोडा वेळ उभा राहिलो. नाणे टाकले नाही. आत येऊन सांगितले, भारत भरा म्हणतो. त्यांनी दोन्ही पासवर्ड भरून दिले.

दि. १७ रोजी बँकेत समजले की, अकरा हजार काढून घेतले आहेत. तक्रार खातेदारानेच द्यावी, असे तिथले साहेब म्हणाले. मी सांगितले, त्याला सुट्टी मिळत नाही. ईमेलचा पासवर्डही कोणीतरी बदलला आहे. त्यात चौदा पत्रे होती, ती आता उघडत नाहीत. पैसे मिळाले नाहीत तरी चालेल, पत्रे मिळावीत.

आज हवालदार साहेबांनीही खातेदार कुठे आहे, असे विचारले. त्यावरून सांगतो की, भारत दि. ९ ऑक्टोबर २००६ रोजी सिन्नरहून मोटारसायकलवर येताना अपघातात मयत झाला. हे मी बँकेला व मंजुषा यांना कळवलेले नाही. पत्रे येतात हे धोंडाबाईला माहीत नाही, तिला कळवू नये.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. भारतच्या नावापुढचा 'मयत' हा शब्द मी पुन्हा एकदा वाचायला लावला. बरोबर आहे.