तुमच्या खिडकीतून काय दिसतंय?

बसा मंडळी. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. कर्णिकवहिनी, तुमच्यासमोर उभं राहायचं धाडस मला होत नव्हतं. वाचनालयाचा जिना चढताना मी दोनदा थांबले. पहिल्यांदा दम लागला म्हणून. दुसऱ्यांदा परत जावं असं वाटलं म्हणून.

मी सुलभा प्रधान. विमा कचेरीत स्टेनो होते. कर्णिकांच्या ई-मेल गटात तुम्ही मला ओळखता ते सगळ्यांच्या चुका काढणारी बाई म्हणून. ते बरोबरच आहे. आज मला माझी चूक काढायची आहे.

मघापासून चार जण बोलले. कर्णिक देवमाणूस होते, असं चौघांनीही सांगितलं. देवमाणूस वगैरे काही नव्हते. हट्टी होते. पाणी खात्यात जन्म काढला, कुठल्या गल्लीला पाणी कधी सुटतं ते त्यांना पाठ होतं. निवृत्त झाले, मुलाने जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि यांनी गट काढला. नाव ठेवलं 'पाणी आलं का'. मी म्हटलं, काय हे नाव. ते म्हणाले, "बाई, भिवंडीत दुसरा कुठला प्रश्न आहे जो सगळ्यांना रोज पडतो?"

मग गटात पाण्याबरोबर सगळंच वाहायला लागलं. रक्त पाहिजे. मानकोलीच्या गोदामात कारकून पाहिजे. बकरी हरवली. बकरी सापडली. सापडलेली बकरी ती नव्हेच. दिवसाला शंभर मेल. ज्यांच्या घरी नेट नाही त्यांच्यासाठी नाल्यापलीकडचे रशीदभाई महत्त्वाचे मेल छापून आपल्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर चिकटवायचे. वाचणारे थोडे, पण त्यांच्या तोंडून ऐकणारं अर्धं गाव.

मला हा पसारा सहन होत नव्हता. मी कर्णिकांना स्वच्छ सांगितलं, गट तोडा. पाण्याचा वेगळा, नोकऱ्यांचा वेगळा. नाल्याअलीकडच्यांचा वेगळा, पलीकडच्यांचा वेगळा. त्यांच्या बकऱ्या मी का वाचू? ते हसले. म्हणाले, "कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी तुम्हाला रांगेत उभं राहायला शिकवलं. आता तुम्हाला अख्ख्या गावाच्या रांगा करायच्यात." मी म्हटलं, रांगेत निदान ढकलाढकल नसते. तर म्हणाले, "आणि मागच्याचं तोंडही दिसत नाही."

मी तेव्हा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

त्यांचा एकच नियम होता, तो तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. कुणी लिहिलं की अमक्या ठिकाणी जमाव जमलाय, तमक्या ठिकाणी दगड गोळा केलेत, की कर्णिकांची एक ओळ यायची. तुमच्या खिडकीतून काय दिसतंय? बस, एवढीच. ज्याने त्याने आपल्या खिडकीतून बघायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. ऐकलेलं नाही, दिसलेलं.

मग उत्तरं यायची. रशीदभाई लिहायचे, "मेरे सामने दूधवाला खड़ा है, हिसाब पे झगड़ रहा है, और कोई नहीं." खारबावचे पाटील लिहायचे, "साहेब, हितं काय न्हाय, समदं ठीक हाय. म्हशी बसल्यात." आपण हसायचो. पण लक्षात घ्या मंडळी, त्या म्हशींनी या गावाला किती वेळा वाचवलं. पाच-दहा खिडक्या उघडल्या की अफवेला उभं राहायला जागा उरत नसे.

मग कर्णिक इस्पितळात गेले. जाताना गटाचा कारभार माझ्याकडे दिला. म्हणाले, "सांभाळा, बाई." मी काय सांभाळलं? तिसऱ्या दिवशी गटाचे दोन गट केले. नाल्याअलीकडचा आणि नाल्यापलीकडचा. ते बिछान्यावर पडलेले असताना. विचारलंसुद्धा नाही. मेल निम्मे झाले. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी माझे आभार मानले. मी ते आभार घेतले.

दोन आठवड्यांनी, भर दुपारी, अलीकडच्या गटात मेल आला. मुलं पळवणारी बाई फिरतेय, हातात पिशवी आहे, शाळेजवळ दिसली. मी लगेच कर्णिकांची ओळ लिहिली. तुमच्या खिडकीतून काय दिसतंय? उत्तरंही आली. आमच्याच बाजूच्या खिडक्यांतून आली. एकाने लिहिलं, हो, पिशवी घेतलेली बाई दिसतेय. दुसऱ्याने लिहिलं, मुलीशी बोलतेय. तिसऱ्याने लिहिलं, मुलीला काहीतरी दिलं.

सगळं खरं होतं. कुणी खोटं लिहिलं नाही. त्या बाईच्या हातात पिशवी होती. ती आपल्या भावाची खोली शोधत होती. भाऊ कापडाच्या लूमवर, दिवसपाळीला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने दप्तर घेतलेल्या एका मुलीला पत्त्याची चिठ्ठी वाचायला दिली. चिठ्ठी कुणी लिहून दिली होती? रशीदभाईंनी. अर्ध्या तासापूर्वी ती त्यांच्या दुकानात बाकावर बसून पाणी प्यायली होती. त्यांनीच तिला नाल्यावरचा पूल दाखवला होता. एक ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागला असता? पण माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. मी त्यांना दुसऱ्या गटात ठेवलं होतं. सोयीसाठी.

गर्दीने तिला मारलं, तिचा हात दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला, कारण गर्दीतल्या एकाला ती चिठ्ठी वाचावीशी वाटली. मारणाऱ्यांतले दोघे आपल्या गटातले होते. ते आज इथे आहेत की नाहीत, मी बघितलेलं नाही. बघणारही नाही. त्यांना ते मेल पोचवणारा गट मी केलेला होता.

संध्याकाळी मी इस्पितळात गेले. वहिनी, तुम्ही तिथे होतात. मी त्यांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग विचारलं, "खिडकी विचारलीत ना?" मी म्हटलं, विचारली. ते म्हणाले, "किती खिडक्यांना?" माझ्याशी ते शेवटचं बोलले ते एवढंच. चौथ्या दिवशी ते गेले.

आणि आज मी इथे येते, तर दारात माझ्या हातात सह्यांचा कागद ठेवला जातो. गटाचे पाच गट करायचे. भागाप्रमाणे. आणि त्यावर वर लिहिलंय, कै. कर्णिकांच्या स्मरणार्थ. ज्या माणसाने आयुष्यभर एकाच नळाला सगळ्या गल्ल्या जोडायची खटपट केली, त्याच्या स्मरणार्थ पाच गट. ज्यांनी हा कागद छापला त्यांना लाज वाटत नसेल, तर मला वाटते आहे. कारण ही अक्कल त्यांना मी दिली.

म्हणता, मेल फार येतात. येतात. डोकं उठतं. माझंही उठतं. न वाचता पुसून टाका की.

आता ऐका, मला भीती कशाची वाटते ते. काल सकाळी अलीकडच्या गटात एक ओळ आली. शुक्रवारी मुलांना बाहेर सोडू नका. खाली नाव नाही, कारण नाही. मी खालची उत्तरं वाचली. एकाने लिहिलं, ओके. एकाने, धन्यवाद. एकाने, पुढे पाठवलं. का, असं एकानेही विचारलं नाही. दुपारी मी रशीदभाईंना फोन केला. ते म्हणाले, "मैडम, हमारे ग्रुप में भी यही आया है. यहाँ लोग समझ रहे हैं, आपकी तरफ़ से कुछ होने वाला है."

तीच ओळ. दोन्हीकडे. आणि दोन्हीकडे दारं बंद करायची तयारी.

आज शुक्रवारला दोन दिवस आहेत.

इथे येण्याआधी मी दोन्ही गट पुन्हा जोडले. कुणाला विचारलं नाही. तोडतानाही विचारलं नव्हतं. ज्यांना बाहेर पडायचंय त्यांनी पडावं, पण मला समोर येऊन सांगून पडावं. आणि दारातला तो कागद मी माझ्या पर्समध्ये ठेवलाय, कुणी शोधत बसू नका.

आता कर्णिकांसाठी दोन मिनिटं उभे राहू. पण त्याआधी, भिंतीजवळ बसलेल्यांनी या खिडक्या उघडा. मघापासून बंद आहेत. हो, दोन्ही बाजूंच्या. नाल्याकडचीही.

कर्णिक म्हणायचे, लूमची खटखट चालू आहे तोवर गाव शुद्धीवर आहे. वीज गेलेली नाही, पाळी सुटलेली नाही. तेव्हा डोळे मिटू नका. बाहेर बघा आणि कान द्या. आवाज दोन्ही काठांवरून येतोय का, ते ऐका. मग घरी जाऊन, जे दिसलं आणि जे ऐकलं, तेवढंच एका ओळीत गटावर लिहा. सगळ्यांनी. म्हशी दिसल्या तर म्हशी लिहा.

उठा. शांत राहा.