पिशवीसाठी सभ्य शब्द

मनसाराम : ...आणि नूर मोहम्मदचं ते पत्र, कुंता. वरोऱ्याहून आलेलं.

कुंता : ज्याचं उत्तर तुमी अजून नाई धाडलं, तेच ना? आता त्याच्या बायकोचा, सुरय्याचा फोन आलता. आतड्यातली क्यान्सरची गाठ फुटून त्याच्या पोटात पू झालता. डॉक्टरनं नळी टाकून काढला. आता गाठ काढाची हाय, तं तुमचा दोस्त ऑपरेशनच्या कागदावर सहीच नाई करत. पोटावर पिशवी नाई पायजे म्हणते. आधी मनसारामचं उत्तर येऊ द्या म्हणते.

मनसाराम : माझं? अरे देवा!

कुंता : मंग! तुमची गाठ बी अशीच फुटली होती ना, मंग पिशवी लागली. पू पुन्हा भरला तं काई खरं नाई म्हणते डॉक्टर.

मनसाराम : रोज बसतो गं लिहायला. शब्द सापडत नाही. काल लिहिलं, 'मलविसर्जनाचा पर्यायी मार्ग'.

कुंता : पिशवी हाय का बायपास रोड? लिवा, पोटातून हगतो, पण जगतो.

मनसाराम : शी! मी ग्रंथपाल होतो, कुंता.

कुंता : ग्रंथपाल हगत नोयते का?

मनसाराम : त्यापेक्षा फोनच लावू का?

कुंता : लावा. त्याले आयकू येत नाई. वरडून सांगा, सारी भद्रावती आयकन.

(मनसारामच्या पोटावरची पिशवी वाजते.)

मनसाराम : माफ कर. ही विचारून वाजत नाही.

कुंता : तुमच्यापेक्षा बरी. पोटातलं बोलते तरी.

मनसाराम : खरं सांगू? शब्दांसाठी नाही अडलं. त्यानं शेवटी विचारलंय, 'वहिनी जवळ बसते का?'

कुंता : मंग? नाई बसत का मी?

मनसाराम : बसतेस. पण मन मारून बसतेस की काय, हे तुला कसं विचारू? लाज वाटली.

कुंता : पयल्या दिवशी नाकाले पदर लावला होता. मंग सवय झाली. तुमच्या घोरण्याची अजून नाई झाली. लिवा असंच.

मनसाराम : घोरण्याचंही?

कुंता : सारं लिवा. मी बसतो इथीच. मंग दोघं बी जाऊ पोस्टात.

(पोस्टाच्या लाल पेटीपाशी.)

कुंता : टाकलं?

मनसाराम : टाकलं.

कुंता : 'हगतो' लिवलं?

मनसाराम : लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

कुंता : अन् माह्यं?

मनसाराम : लिहिलं, 'आत्ताही शेजारीच बसली आहे. सही कर.'