प्रसादासोबत दिलेल्या गोळ्या

सर्वांचा सांभाळ करणाऱ्या पांडुरंगाला वंदन करून माझीच एक चूक सांगतो.

पायाची जखम चिघळली, म्हणून डॉक्टरांनी मला सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ठणका थांबताच मी त्या बंद केल्या. पिंप्राळ्यातील आमच्या भजनी मंडळाचे गायक नाना घसा बसून गप्प होते. भजनानंतर प्रसादाच्या खडीसाखरेसोबत उरलेल्या गोळ्याही मी त्यांच्या हातावर ठेवल्या.

सकाळी त्यांच्या पत्नी, अक्का, त्या गोळ्या घेऊन दारात उभ्या.

“आबा, हाऊ काय परसाद शे का?”

“उरल्या होत्या, अक्का. वाया जाऊ नयेत म्हणून...”

“उरल्याच कशा? सप्ताहाची पोथी तिसऱ्या दिवशी गुंडाळता का? मागे उरलेले जंतू शिरजोर झाले, तर तुमच्या पायाला औषध तरी लागू पडेल का?”

पाय पुन्हा ठणकू लागलाच होता. मी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी नव्याने सांगितलेल्या गोळ्या एकही न चुकवता घेतल्या आणि जखम भरली. नानांचा घसा मिठाच्या गुळण्यांनीच मोकळा झाला. एकादशीला त्यांनी अभंग असा आळवला की अक्का म्हणाल्या, “आबा, आता वाटा परसाद. पण खडीसाखरेचाच!”

तुम्हां सर्वांच्या घरी आरोग्य नांदो. आणि औषधाची वेळ आलीच, तर ते लागू पडो.