बशीतलं काळीज

हृदयाच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन आजीबाई येऊन बसल्या. नुकतीच ओळख झालेली.

“माझा मुलगा संशोधक आहे. काचेच्या बशीत हृदयाचा तुकडा वाढवतो, मूळपेशींपासून. धडधडतोसुद्धा!”

“अगंबाई! मग आज तुमच्याबरोबर नाही आला?”

“कसा येणार? पेशींना रोज ताजं खाणं घालावं लागतं. रविवारचीही सुट्टी नाही.”

“दुसरं कोणी नाही का घालायला?”

“दुसऱ्याच्या हातावर त्याचा विश्वास नाही. एक दिवस चुकला, तर पेशी भलतंच काहीतरी होऊन बसतात म्हणे.”

“आणि आईकडे दुर्लक्ष झालं तर?”

“आई कशाला काय होतेय? आईच राहते.”

“धन्य तो लेक! बशीतल्या काळजाचे लाड, आणि जिच्या पोटी जन्मला तिचं काळीज इथे बाकावर ताटकळतंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.”

तेवढ्यात नर्स आली.

“आजी, उद्याच्या ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागेल. घरचं कोण आलंय?”

“ही काय, बसलीये ना. मघापासून माझ्या लेकाला नावं ठेवतेय, म्हणजे घरचीच असणार.”