टोमण्याआधीची टक्

(चष्म्याच्या दुकानामागची खोली. मधलं दार उघडं. बाबा पुढे दुकानात, कामाच्या फळीपाशी. त्यांचं बोलणं एका छोट्या पेटीतून येतं.)

मुलगी : ...बिघडलेली नाहीये गं. बिघडली असती तर बाबा केव्हाच ती उघडून बसला असता. ती उशिरा बोलते, म्हणून खणात असते. आज तू आलीस म्हणून बाहेर काढलीय, पाहुण्यांसाठी चांगली चादर काढतात तशी.

आत्या : खणात? दादा मला दर वेळी लिहितो, पेटी झकास.

मुलगी : मग काय लिहील? धाकट्या बहिणीने स्वतः नीट करून पाठवलेली पेटी. तो हल्ली गिऱ्हाइकांना चिठ्ठ्या लिहून देतो. नाहीतर नुसती मान हलवतो. बाबा, आत्या. आपला बाबा, मान हलवतो.

आत्या : पण बॅटरी? आधी जेवायच्या वेळेलाच संपायची. आता दिवसभर पुरते की नाही?

मुलगी : पुरते ना. खणात तर आठवडाभर पुरते.

आत्या : टोमणा पोचला.

मुलगी : वेळेवर पोचला की नाही? तेच तर सांगतेय. बाबाचा दीड सेकंद उशिरा पोचतो.

आत्या : दीड सेकंदाने असं काय बिघडतं?

मुलगी : कुठल्या बटणावर काय आहे ते माहितीय का तुला? ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, आवाज जाणार आहे, तेव्हा गरजेची वाक्यं स्वतःच्या आवाजात भरून ठेवा. लोक 'पाणी द्या' भरतात, 'दुखतंय' भरतात. बाबाने सगळे टोमणे भरले. बाई म्हणाल्या, अहो, गरजेची. तर हा म्हणाला, हीच गरजेची आहेत, पाणी मी उठून घेईन.

आत्या : मला वाटत होतं तो टाइप करतो.

मुलगी : करतो, 'परवा या', 'नंबर वाढलाय', असलं. ते मशीनच्या आवाजात येतं आणि त्याला उशीर झाला तरी कुणाचं काही जात नाही. पण टोमणा उशिरा कसा चालेल? माझंच घे. मी बोलत सुटले की बाबा मध्येच म्हणायचा, श्वास घे, भोंगा. मला बोलता यायला लागल्यापासून म्हणतोय. आता मी बोलते, बोलून संपवते, श्वास घेते, पाणीसुद्धा पिते, आणि मग फळीवरून येतं, 'श्वास घे, भोंगा'. घेतलेला असतो गं मी. मग तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. मागे एकदा त्याला बरं वाटावं म्हणून मी खोटं हसले. त्याला कळलं. त्या दिवसापासून पेटी खणात.

आत्या : हं.

मुलगी : थांब, हे बघ. ते हिरव्या कोटातले काका. फ्रेमवर फ्रेम घालून बघतायत आणि दर वेळी विचारतायत, शोभतोय का. आता बाबा काही सोडत नाही त्यांना.

बाबा : आरशाला विचारा. तो माझ्यापेक्षा खरं बोलतो.

मुलगी : बघितलंस? काका तोवर वाकून पिशवी शोधायला लागले होते. दचकले बिचारे. त्यांना वाटलं पेटी आपणहून बोलली.

आत्या : बघितलं. आणि दादाने ती उलटी ठेवली, तेही बघितलं.

मुलगी : तू पाचच्या गाडीने गेलीस की परत खणात जाईल. या वेळी कायमची. आई म्हणते, त्याच्या मागे लागू नकोस. पण का उशीर होतो ते तरी सांग. मला समजेल असं सांग, पण लहान मुलांना सांगतात तसं नको.

आत्या : पेटीत प्रोसेसर आहे. काम नसलं की कर्नल त्याला झोपवतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुणी केव्हा काम करायचं ते तो ठरवतो. कुणालाच काम नसतं तेव्हाही त्याला एक गोष्ट ठरवावीच लागते. किती खोल झोपायचं.

मुलगी : झोपेतही प्रकार?

आत्या : पायऱ्या. पहिली म्हणजे डुलकी. बटण दाबायचा अवकाश, जागा. पण वीज फारशी वाचत नाही. खाली उतरत गेलं की एकेक भाग बंद होतो. सगळ्यात खालच्या पायरीवर स्पीकरचाही भाग बंद, जवळजवळ सगळी वीज तोडलेली. तिथे बॅटरीला काही लागतच नाही. पण उठायचं म्हणजे एकेक भाग परत चालू करत यायचं.

मुलगी : म्हणजे रिकाम्या तासाला बाकावर डोकं टेकणं आणि रविवारी दुपारी पडदे ओढून झोपणं. रविवारी उठले की मला वार आठवायलाच वेळ लागतो. मग सारखं खालच्या पायरीवरच का नाही जायचं?

आत्या : खाली जायला आणि वर यायलाही वीज लागते. घटकाभरासाठी गेलं तर वाचते त्यापेक्षा जास्त खर्च होते.

मुलगी : गादी घालायची, चादर अंथरायची, पाठ टेकवायची आणि लगेच सगळ्याची घडी करायची. पण मग त्याला आधी कसं कळतं, किती वेळ मिळणार आहे ते?

आत्या : कळत नाही. अंदाज करतो.

मुलगी : अंदाजपंचे? एवढ्या मोठ्या गाभ्यात अंदाजपंचे कारभार?

आत्या : अगदी तसा नाही. पुढचा गजर कधीचा लागलाय ते बघतो. आणि मागच्या काही झोपा किती टिकल्या ते बघतो. त्या लांबल्या असतील तर हीसुद्धा लांबेल असं धरतो.

मुलगी : म्हणजे मागच्यावरून पुढचं ओळखायचं. माझ्या गणिताच्या मार्कांसारखं. पण बाबा तसा नाहीये ना. तो अर्धा अर्धा तास गप्प असतो आणि मग एकच वाक्य टाकतो.

आत्या : म्हणून तर कर्नल दर वेळी गाढ झोपवतो. त्याचा अंदाज चुकत नाही. शांतता खरंच लांब असते. फक्त ती संपते कधी, ते त्याला माहीत नसतं.

मुलगी : मग सांग ना त्याला, डुलकीच काढ म्हणावं.

आत्या : आधी तेच तर होतं. जेवायच्या वेळेला बॅटरी खलास.

मुलगी : मधली पायरी?

आत्या : उशीर निम्मा होईल आणि बॅटरी संध्याकाळच्या आतच जाईल. निम्म्या उशिराने टोमणा वाचतो का?

मुलगी : नाही. चार्जरची वायर लावून ठेवायचं आईने करून बघितलं. बाबाने मोठ्या अक्षरात चिठ्ठी दिली, 'मला खुंट्याला बांधू नका.' तो पेटी घेऊन बाजूच्या चपलांच्या दुकानात जातो ना. म्हणजे जायचा.

आत्या : माझ्या हातात दोनच गोष्टी आहेत. हे आहे तसं ठेवायचं, नाहीतर पूर्वीसारखं करून द्यायचं. दुपारपर्यंत वेळेवर बोलणारा भाऊ की दिवसभर उशिरा बोलणारा.

मुलगी : आणि संध्याकाळी? संध्याकाळी मी शाळेतून येते. सगळं सांगायचं तेव्हाच असतं मला. म्हणजे मला गप्प बसलेलाच बाबा मिळणार.

आत्या : सॉफ्टवेअरला भविष्य कळत नाही गं. मी तरी काय करू? एवढी वर्षं हेच काम करतेय, पण शेवटी मागचं बघूनच—

मुलगी : श्श. आता बोलेल बघ.

आत्या : कोण? तू तर पाठ करून बसलीयस.

बाबा : दिसतंय मला. चष्म्याचंच दुकान आहे.

आत्या : आपली कुजबुज दिसली वाटतं त्याला. पण तो बोलणार हे तुला कसं कळलं?

मुलगी : काय कसं? टक् झालं ना.

आत्या : कसलं टक्?

मुलगी : ऐकू नाही आलं? स्क्रूड्रायव्हर ठेवला त्याने फळीवर. टोमणा मारायच्या आधी तो हातातलं ठेवतो. टक् करून ठेवतो, मग चष्मा कपाळावर चढवतो, मग हसू दाबतो, मग बोलतो. आधीपासूनचं आहे ते. मी इथे अभ्यास करत असायचे आणि टक् ऐकलं की कान टवकारायचे, आता कुणाची तरी विकेट जाणार. आवाज गेला, टक् राहिली.

आत्या : परत सांग. टक् आणि बोलणं यांच्यात किती वेळ जातो?

मुलगी : चष्मा चढवण्याएवढा. आणि हसू दाबायला बाबाला दीड सेकंद तरी लागतोच. पटकन दाबलं जात नाही त्याच्याने.

आत्या : पेटी फळीवरच असते?

मुलगी : फळीवरच. स्क्रूच्या डब्याशेजारी. का? अशी काय बघतेयस माझ्याकडे?

आत्या : पेटीत एक हालचाल ओळखणारा तुकडा आहे. पडली-आपटली तर कळावं म्हणून बसवलेला. तो कधीच झोपत नाही, त्याला नावापुरती वीज लागते. मी त्याच्याकडे कधी ढुंकून बघितलं नाही.

मुलगी : म्हणजे फळी हादरली की त्याला कळेल?

आत्या : कळेल. आणि तो प्रोसेसरला उठवेल. मग कर्नलला सांगायचं, पुढचे थोडे सेकंद पहिल्या पायरीच्या खाली जायचं नाही, कुणीतरी बोलणार आहे. अशी विनंती करायची सोय असतेच त्याच्यात. पण थांब. हत्यार तो इतर वेळीही ठेवत असेल.

मुलगी : ठेवतो, पण हळूच, कापडावर. शेजारी काचा असतात. टक् फक्त टोमण्याचीच.

आत्या : आणि फळीला कुणाचा धक्का लागला तर?

मुलगी : तर काय, उगाच उठेल, डोळे किलकिले करेल, कुणी बोलत नाही म्हटल्यावर परत झोपेल. मी नाही का, दारावर बेल वाजली की उठते, आपल्यासाठी नाही कळलं की कूस बदलते. परवडेल ना तेवढं बॅटरीला?

आत्या : सहज परवडेल. चपलांच्या दुकानात नेली तर?

मुलगी : उचलल्याशिवाय कशी नेईल? उचलली की हलली. आत्या, मला तुझ्या ऑफिसात घे.

आत्या : आधी पेटी घेऊन ये. आणि दादाला काही सांगू नकोस. त्याला कळलं तर तो मुद्दाम टक् करेल, नाहीतर मुद्दाम करणारच नाही.

मुलगी : आणली. आणि चिठ्ठीपण मिळाली. 'हिच्या पोटात आता काय घालताय?' मी म्हटलं, आत्या बॅटरी बघतेय. त्याने मान हलवली.

आत्या : वायर दे ती. नाही, ती पांढरी. आता बघ, ही ओळ म्हणजे धक्का आल्यावर काय करायचं. ही म्हणजे किती वेळ जागं राहायचं.

मुलगी : एवढंच? मला वाटलं पानंच्या पानं लिहावी लागतील.

आत्या : पानंच्या पानं आधीच लिहिलेली आहेत, कुणाकुणाची. आपण फक्त दादाची सवय त्यात घालतोय. फळीवर ठेवून स्क्रूड्रायव्हर टाकून बघू. नाही, इथल्या टेबलावर. हां. किती जोरात ठेवतो तो?

मुलगी : असं. नाही, याहून थोडं जास्त. मनगट सैल सोडून. हं, हे अगदी बाबाचं.

आत्या : उठली नाही. पडण्याच्या मानाने हा धक्का फार नाजूक आहे. किती धक्क्याला उठायचं, तो आकडा खाली आणते. परत कर.

मुलगी : टक्.

आत्या : तोंडाने नको.

मुलगी : केलं की हातानेही. उठली?

आत्या : उठली. आता कापडावर हळूच ठेव. नाही उठली, छान. जा, देऊन ये. आणि इथे येऊन बस. त्याच्याकडे टक लावून बघत राहू नकोस.

मुलगी : दिली. उलटी ठेवली त्याने. तिकडे बघतसुद्धा नाहीये.

आत्या : असू दे. मी पिशवी भरते.

मुलगी : अजून आहे वेळ. गिऱ्हाईक येऊ दे ना एखादं. रोज या वेळेला ती कुत्रेवाली बाई येते, तिच्या चष्म्याची काडी दर आठवड्याला मोडते, आज नेमकी नाही. आत्या, तू गेल्यावर झालं तर मी तुला फोन करेन. नाही झालं तरी करेन. पण समजा झालं, तर मग असं करता येईल का गं, की नुसती टक्च नाही, दाराची घंटा वाजली की पण तो डुलकीवर येईल, कारण गिऱ्हाईक आलं म्हणजे टोमण्याला माणूस आला, आणि मग सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असतं तेव्हा सगळ्यात खालची पायरी, आणि मी शाळेतून यायच्या वेळेला तर त्याने झोपायचंच नाही, कारण मी आले की बोलणारच, ते तर कुणीही सांगेल, त्याला अंदाज कशाला हवा, आणि मी वर्गात हे सगळं सांगितलं ना की झोपेच्या पायऱ्या असतात आणि कर्नल मागचं बघून ठरवतो पण माझ्या बाबासाठी आम्ही पुढचं कळायची सोय केली, तर त्या विज्ञानाच्या बाई, ज्या मला नेहमी म्हणतात ना की तू जरा—

बाबा : श्वास घे, भोंगा.

आत्या : काय गं? एकदम गप्प का झालीस?

मुलगी : माझं वाक्य संपलंच नव्हतं, आत्या.